मी घासून काढलेली भिंत

गडाबद्दल मला कुणी काही विचारू नये, असं आता फार वाटतं. पण विचारतात. शहापूरला मी एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढतो. तिथे कुणी ट्रेकर आला की साहेब लगेच माझ्याकडे बोट दाखवतात, "यांना विचारा, गडावरचेच आहेत, पुस्तक लिहिलंय यांनी." पुस्तक कसलं डोंबल, बत्तीस पानांची पुस्तिका. तिच्या एकोणिसाव्या पानावर माझं एक वाक्य आहे. त्या वाक्यापायी अकरा घरांची वाडी उठली. हे मी ऑफिसात कुणाला सांगितलेलं नाही, म्हणून इथे लिहितो.

आमचा गड शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांच्या मधल्या डोंगरात आहे. नाव लिहीत नाही, उगाच रविवारची जत्रा नको. पायथ्याच्या डांबरीपासून दोन तास चढलं की माची लागते, म्हणजे गडाच्या कमरेला असलेली सपाटी. तिथे आमची वाडी. वाडीपासून आणखी अर्धा तास वर महादरवाजा, आणि दरवाज्यातून आत गेलं की उजव्या हाताला पाण्याचं टाकं.

तो दरवाजा बांधणाऱ्याचं डोकं कसं चाललं असेल, याचं मला शाळेत असल्यापासून कौतुक. खालून येणाऱ्याला दरवाजा दिसतच नाही. दोन बुरुजांच्या कुशीत, वळणाआड लपवलाय. दार फोडायला ओंडका घेऊन धडक द्यायची म्हटली तर मागे सरकायला जागा नाही, मागे दरी. आत दोन्ही अंगांना पहारेकऱ्यांच्या देवड्या, बसून बसून दगड गुळगुळीत झालेले. तटाला जंग्या, म्हणजे तिरक्या फटी. आतल्याला खालचा दिसतो, खालच्याला आतला दिसत नाही. कातळ कोरला कुणी ते नक्की कुणाला माहीत नाही. मग सुलतान आले, मराठे आले, मोगल आले, पुन्हा मराठे आणि शेवटी इंग्रज. इंग्रजांनी सुरुंग लावून वरच्या पायऱ्या उडवल्या आणि चालते झाले. पायऱ्या गेल्या की गड मेला, असं त्यांना वाटलं असणार.

गड मेला नाही, कारण टाकं राहिलं. किल्लेदार गेले, शिबंदी गेली, पाण्यावर आमची अकरा घरं राहिली. वाडीतल्या विहिरीत दिवाळीनंतर बेडूकसुद्धा राहत नाही. मग थेट जेठापर्यंत प्यायला, रांधायला, गुरांना, सगळं टाक्याचंच पाणी. गडावरून भातसाचं धरण लख्ख दिसतं. त्याचं पाणी मुंबईला जातं, आमच्याकडे वर कोण चढवणार? टँकर आला तरी डांबरीवर येतो. तिथून दोन तास डोक्यावर हंडा घेऊन चढून बघा, मग बोला.

टाक्यात उतरायला एकवीस पायऱ्या आहेत, कातळातच कोरलेल्या. आमच्या वाडीला पाण्याचं मोजमाप या पायऱ्यांवर कळायचं. दसऱ्याला पाणी पहिल्या पायरीला. संक्रांतीला पाचव्या, शिमग्याला दहाव्या. मृग लागायच्या वेळी विसाव्या. बाया वरून उतरल्या की वाटेत भेटणारा आधी तेच विचारायचा, "कितवीला गो?" त्या आकड्यावर वाडीचं सगळं ठरायचं. लग्न काढायचं की पुढच्या सालावर ढकलायचं, गुरं ठेवायची की खाली पाहुण्यांकडे न्यायची.

टाक्याच्या तीन बाजू अखंड कातळ. चौथी, दरीकडची बाजू मात्र बांधलेली. घडीव दगडांची, तळापासून काठापर्यंत चढवलेली भिंत, आणि गंमत म्हणजे तिच्यात चुना नाही. तटाला चुना आहे, दरवाज्याला आहे, गडावर चुना मळायचा घाणासुद्धा आहे, त्याचं दगडी चाक अजून गवतात पडलंय. मग एवढा चुना करणाऱ्यांनी पाण्याच्या भिंतीतच तो का नाही घातला? हा प्रश्न मला पडला होता. त्याचं उत्तरही मीच काढलं, आणि तेच एकोणिसाव्या पानावर छापलं: 'येथे दगडाला दगड असा घासून बसवला आहे की चुन्याविना पाण्याचा थेंबही बाहेर जात नाही.' वा रे पठ्ठ्या! लिहिताना स्वतःवरच खूश होतो मी.

खरं उत्तर वाडीतल्या बायांच्या पायांत होतं. जेठात, पाऊस यायच्या आधी, टाक्यात टाचभर पाणी उरलं की आमच्याकडे 'टाकं मळायचे'. प्रत्येक घराने आपल्या खाचरातली एक पाटी चिकणमाती आणि भाताचा तूस डोक्यावर घेऊन वर जायचं. बाप्यांनी दरवाज्याबाहेर बसून ढोल वाजवायचा, आत यायचं नाही. बायांनी टाक्यात उतरायचं, भिंतीच्या बुडाशी माती ओतायची, एकमेकींचे हात धरून रांगेने ती तुडवायची आणि मग तळव्याने भिंतीवर लिंपत न्यायची. का, ते कुणी विचारलं नाही. देवीची माती म्हणायचे. मी बाप्या, त्यामुळे जन्मात कधी ते जवळून पाहिलं नाही.

आता वहिनीबद्दल सांगतो, कारण हे सगळं तिचंच आहे. दादाचं लग्न झालं तेव्हा मी तिसरीत होतो आणि आमची आई जाऊन दोन वर्षं झाली होती. वहिनीने मला न्हाऊ घातलं, माझ्या डोक्यातल्या उवा काढल्या, मुरबाडच्या शाळेत घालायला दादाशी भांडली. मला ती 'भावजी' म्हणते, पण 'अरे तुरे'त. वाडीतल्या इतर भावजयांना ते खटकायचं. ती म्हणायची, "ज्याचं नाक पुसलं त्याला अहो कसं म्हणू गो?" टाक्याचं पाणी आणायला सगळ्यात आधी तीच जायची आणि सगळ्यात खालच्या पायरीपर्यंत तीच उतरायची, कारण बाकीच्यांना अंधाराची भीती वाटायची.

माझं डोकं फिरलं ते मोबाइलवर. वेल्स म्हणून एक मुलूख आहे, इंग्लंडला लागून. तिथल्या एका जुन्या किल्ल्याचा व्हिडिओ मी पाहिला. एकात एक अशा दोन तटबंद्या, गोल गोल बुरूज, दरवाज्यावर वरून सोडायची लोखंडी जाळी. बाणांसाठी भिंतीत फटी, अगदी आमच्या जंग्यांसारख्या. कुठल्याशा राजाने तो तिथल्याच लोकांना दाबात ठेवायला बांधला होता. पण काय ठेवलाय! हिरवळ कापलेली, एकेक दगड धुतलेला, सांधे भरलेले, ठिकठिकाणी माहितीच्या पाट्या. किल्ल्यातली विहीर काचेने झाकलेली आणि तळाशी दिवा. तो दिवा बघून मला आमच्या टाक्याची लाज वाटली. चिखल, शेवाळं, भिंतीवर बोटबोट थापलेली माती, आणि हा म्हणे आमचा इतिहास! त्या विहिरीचं पाणी आता कुणी पीत नाही, एवढी साधी गोष्ट माझ्या टकुऱ्यात आली नाही.

कल्याण-डोंबिवलीकडची काही मंडळी गड साफ करायला येत असत, चांगली कष्टाळू माणसं. मीच त्यांना टाक्याचं सुचवलं. वैशाखातले चार रविवार आम्ही घमेली भरभरून चिखल उपसला. बांधीव भिंत मी स्वतः घासली. तारेच्या ब्रशने, सांध्यांत खिळा घालून, सगळी माती कोरून काढली. खाली काय देखणे दगड निघाले! छिन्नीचे घाव मोजता यावेत असे. एका दगडावर कमळ निघालं. आम्ही फोटो काढले, ते सगळीकडे फिरले, आणि चार दिवस मी मोठा माणूस झालो.

मग जेठ आला, आणि मी देवळापुढे सगळ्यांना जमवून सांगितलं की या साली टाकं मळायचं नाही. घाण होते. एवढ्या कष्टाने साफ केलंय. आणि भिंत नुसत्या दगडावर पाणी धरते, पुस्तकात लिहिलंय मी. एक म्हातारी होती, वाडीत वयाने सगळ्यात मोठी, ती म्हणाली, "टाक्याला माती लागते रे."

"का लागते, सांग की."

"लागते म्हंजे लागते. माजी सासू म्हणायची."

"सासू म्हणायची म्हणून?" मी हसलो. माझ्यामागे पाच-सहा जण हसले. बाया एकमेकींकडे बघायला लागल्या आणि मग सगळ्या मिळून वहिनीकडे बघायला लागल्या, कारण टाक्याचं तिला जास्त कळतं हे सगळ्यांना ठाऊक होतं.

वहिनीने पदर सारखा केला. म्हणाली, "भावजी शिकलाय. तो उगाच नाय सांगणार."

झालं. तिच्या शब्दावर वाडीने माती बंद केली. दरवाज्याशी मी पाटी रंगवून लावली, 'टाक्यात काहीही टाकू नये'. अक्षर छान आहे माझं.

त्या साली पाऊस धो धो पडला. गणपतीत टाकं काठोकाठ, आणि पाणी इतकं नितळ की एकविसातल्या दहा पायऱ्या वरून मोजता येत. मी पुन्हा फोटो टाकला. दसऱ्याला सोनं वाटायला वाडीत गेलो तेव्हा अंगणात एकीने दुसरीला विचारलं, "कितवीला गो?" आणि उत्तर आलं, "चौथीला."

मला वाटलं चुकून म्हणाली. मीच वर गेलो. चौथी पायरी ओली होती, पाणी तिच्याही खाली वीतभर. दसऱ्याला! मी स्वतःची समजूत घातली, परतीचा पाऊस नीट झाला नाही, ऊन कडक आहे, ट्रेकर जास्त आले. माणसाला स्वतःला फसवायला कितीसं लागतं?

दिवाळीत पाणी सातवीला होतं. भाऊबीज झाल्यावर मी गुपचूप तटाबाहेरून, कारवीला धरत धरत, भिंतीच्या बाहेरच्या अंगाला उतरलो. बघतो तर काय, डोंगर सगळा पिवळा पडलेला आणि भिंतीच्या बुडाशी हिरवंगार. नेचे फुटलेले, शेवाळ चढलेलं. दगडांच्या सांध्यांतून पाणी झिरपत होतं. कुठे थेंब, कुठे करंगळीएवढी धार. मी हात लावला. थंड पाणी. जिथे जिथे मी खिळा घालून सांधा कोरला होता, तिथून तिथून ते येत होतं.

मी एकेक सांधा बोटाने चाचपत गेलो. भिंत पाणी अडवतच नव्हती, कधीच अडवत नव्हती. भिंत नुसती मातीला टेकू द्यायला होती. अडवत होती ती माती, दर साली बायांनी तुडवलेली. बांधणाऱ्यांनी चुना घातला नाही तो याच हिशेबाने. चुन्याला तडा गेला की गवंडी शोधा, माती वाडीतल्या वाडीत मिळते. एवढं साधं होतं. आणि मी, नकाशे काढणारा, पाच पिढ्यांच्या बायांना वेड्यात काढून मोकळा झालो होतो.

तेव्हाच खाली जाऊन सांगायला हवं होतं. मी शपथेवर सांगतो, वाडीत पोचेपर्यंत सांगायचं ठरलेलं होतं. पण अंगणात दादा बसला होता, चारचौघे होते, कुणीतरी म्हणालं, "आले लेखक." आणि मी हसून त्यांच्यात जाऊन बसलो. उद्या सांगू म्हटलं. उद्या मी शहापूरला परतलो.

त्यानंतर मी जे केलं ते सांगायलाही लाज वाटते. ऑफिसातल्या कामांमुळे मला गळती बंद करायची रसायनं माहीत होती. पौषात एका आडवारी रजा काढली, दुकानातून सिमेंट आणि गळतीवरचं औषध घेतलं, पाठीवर घालून एकटाच वर गेलो. वाडी टाळून, जंगलाच्या वाटेने, आपल्याच गावात चोरासारखा. बाहेरच्या अंगाने सगळे सांधे बुजवले, हात फुटले, रक्त आलं. संध्याकाळी भिंत कोरडी झाली तेव्हा मी खरंच रडलो. म्हटलं देवी पावली. आठ दिवसांनी जाऊन पाहिलं तर आतल्या पाण्याच्या दाबाने सिमेंटच्या खपल्या पडलेल्या, आणि एक दगड जागचा हलून दोन बोटं बाहेर आलेला. जिथे करंगळीएवढी धार होती तिथे आता मनगटाएवढी होती. मी लावलेल्या औषधाने दुखणं दुप्पट केलं. संक्रांतीला पाणी बाराव्या पायरीला गेलं.

वाडीत घबराट झाली. गावकी बसली. दादाने स्पष्ट सांगितलं, "शिमग्याला पाणी नसलं तर घर मोडायचं. इथं तडफडून मरायचं नाय." दादा तसा बोलणारा माणूस नाही. त्याच्या तोंडून ते ऐकलं आणि वाडी हादरली. लोकांनी मग कारण शोधलं, आणि त्यांना ते लगेच सापडलं. देवीची माती बंद केली म्हणून देवी कोपली. म्हणजे खरं कारण त्यांनी बरोबर धरलं होतं, फक्त दोष स्वतःकडे घेतला होता. "आमीच चुकलो," म्हणे. माझ्यावर कुणी बोट ठेवलं नाही. शिकलेल्या माणसाला शिव्या घालायची आमच्याकडे रीत नाही. जेठाआधी, टाक्यात पाणी असताना माती घालायची रीत नव्हती, म्हणून बायांनी पाच मंगळवार उपास धरले. म्हातारी तिसऱ्या मंगळवारी चक्कर येऊन पडली, तरी पाणी पिईना. त्या दिवशी मी रजा काढून आलो होतो, तिथेच उभा होतो. तोंड उघडलं असतं तर निदान तिचा उपास सुटला असता. मी चप्पल घातली आणि चार वाजताची गाडी गाठायची आहे म्हणून निघालो.

का नाही बोललो? हा प्रश्न मी स्वतःला हजार वेळा विचारलाय. भीती होती म्हणावं तर कुणी मारलं नसतं. नोकरी गेली नसती. एवढंच झालं असतं की वाडीतली माणसं माझ्याकडे बघून हसली असती, जशी म्हातारीवर हसली होती. तेवढ्यासाठी.

माघात आणि फाल्गुनात मी दर रविवारी वर जात होतो. वाडीत पाऊल टाकलं की आकडा कानावर यायचा. चौदा. सोळा. सतरा. वहिनीच्या घरी चहा मिळायचा, पण अर्धा कप. पूर्वी मी गेलो की तिचं तोंड बंद होत नसे, कुणाची म्हैस व्याली, कुणाची सून माहेरी गेली. आता ती चूल फुंकत बसायची आणि मधून मधून माझ्या तोंडाकडे बघायची. मला वाटायचं दमलीय. गुडघे सुजले होते तिचे. अठराव्या पायरीवरून भरला हंडा वर आणायचा, मग अर्धा तास उतार, आणि दिवसातून चार खेपा. एकदा मी म्हटलं, "वहिनी, मी आणतो एक खेप." म्हणाली, "नको. तुला दुसरं काम हाय." कोणतं काम, ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

शिमग्याला होळी पेटली, पण नैवेद्याला पुरण शिजलं नाही, कारण डाळ शिजवायलाच पाणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी धुळवड. ज्या वाडीत पोरं एकमेकांना टाक्यात ढकलत, तिथे कुणी चिमूटभर राखही लावली नाही, कारण धुणार कशाने? एकविसावी पायरी उघडी पडली होती. तिच्याखाली कातळ, आणि त्यावर मधमाश्या बसलेल्या, ओल चाटायला.

चैत्रात घरं मोडायला सुरुवात झाली. घर मोडणं म्हणजे काय ते शहरातल्या माणसाला कळणार नाही. कौलं उतरवायची, वासे सोडायचे, दारं बिजागरीतून काढायची, मोळ्या बांधायच्या आणि सगळं डोक्यावरून दोन तास खाली. कुणी सापगावकडच्या वीटभट्टीवर गेलं, कुणी आटगावला सोयऱ्यांच्या पडवीत. म्हातारीला तिच्या नातवाने पाठुंगळी मारून नेलं. ती मागे वळून बघायची, आणि तो म्हणायचा, "हलू नको ना गो, तोल जातो." दादाला मुरबाडच्या रस्त्यावर एका फार्महाऊसची राखण मिळाली. तिथे पोहायचा तलाव आहे, निळ्या फरशीचा. दादाला तो रोज भरून ठेवावा लागतो.

आमचं घर शेवटचं निघालं. मी रजा काढून गेलो होतो. वासे खाली गेले, दादा शेवटची मोळी बांधत होता, आणि वहिनी दिसेना. मला कळलं ती कुठे असेल. मी वर गेलो. महादरवाज्यातून आत शिरलो तर ती टाक्याच्या पायऱ्यांवर बसली होती, मधेच कुठेतरी, पाय लांब करून. गुडघ्यांना रुईची पानं बांधलेली. खाली कोरडं टाकं, आणि समोर ती भिंत. दगड न् दगड दिसत होता, कमळ दिसत होतं. खरंच सुंदर भिंत आहे हो ती. इतकं सुंदर काम या दोन तालुक्यांत दुसरं नाही.

मी तिच्या दोन पायऱ्या वर बसलो. आणि बोललो. सगळं बोललो, वैशाखातला ब्रश, दिवाळीतले नेचे, पौषातलं सिमेंट, हललेला दगड. मधे मधे मला हुंदके येत होते, ते थांबले की मी पुढे बोलायचो. ती माझ्याकडे बघत नव्हती. शेवटी मी म्हटलं, "वहिनी, देवी नाय कोपली. मी केलं हे. मला दिवाळीलाच कळलं होतं."

"मला दसऱ्याला कळलं," वहिनी म्हणाली.

मला आधी अर्थच लागला नाही.

"सगळ्यात खाली मीच उतरते ना रे. भिंतीला कान लावला तर आवाज येत होता, पाणी जायचा. आमच्या आजेसासूने दाखवलं होतं, मधेच गळायला लागलं तर काय करायचं. चुलीची राख आन् तूस, भिंतीजवळ पाण्यात वरून सोडायचा. पाणीच त्याला ओढून फटीत नेतं. फट बुजते. तिच्या वक्ताला एकदा असंच झालं होतं, अकरा घरांनी आठ दिवस राख आणली, झालं बंद."

"मग तू सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर इचारलं असतं, गळायला कशानं लागलं. तुजं नाव निघालं असतं. तुजं पुस्तक, तुजी पाटी." तिने कपाळावरचा घाम पुसला. "मीच बोलले होते ना सगळ्यांम्होरं, भावजी शिकलाय म्हणून. म्हटलं आपल्या तोंडानं नको. तूच सांगशील. तू सांगितलं तर कोण काय नाय बोलणार, पोरगं चुकलं म्हणतील, राख घेऊन येतील. दर रविवारी तू आलास की वाटायचं, आज सांगेल."

मी दिवाळीपासूनचे रविवार मोजायला लागलो आणि मधेच थांबलो.

"आन् मी गप नाय बसले," ती म्हणाली, जणू मीच तिला काही विचारलं होतं. "दसऱ्यापासनं रोज पयल्या खेपेला नेत होते, पदराखाली. म्हणून तर शिमग्यापर्यंत पुरलं. नायतर संक्रांतीलाच गेलं असतं." मग तिने एक हात गुडघ्यावर आणि एक कातळावर टेकून उठायचा प्रयत्न केला, तो जमला नाही, म्हणून पुन्हा खाली बसली आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलली.

"पण एका चुलीची राख कितीशी पुरणार, भावजी?"

खालून दादाची हाक आली. मी तिच्या काखेत हात घालून तिला उठवलं आणि आम्ही उतरायला लागलो.